रविवारची कोळंबी

"बाबा, तू जन्मात एक तरी कोळंबी सोलली आहेस का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून भाविकाने विचारलं. कबड्डीची निवड नऊला होती, मैत्रिणी कुंपणाबाहेर ताटकळल्या होत्या आणि टोपलीत अजून ढीगभर कोळंबी बाकी होती.

"मी दर्यातून आणायची, तुम्ही साफ करायची. रीतच आहे ती," बाबा हसला.

आईने उठून आपला पाट त्याच्याकडे सरकवला. "बसा. डोकं मोडा, साल काढा, पाठीतला काळा दोरा ओढा."

पहिल्याच कोळंबीचा काटा बाबाच्या बोटात घुसला. कुंपणाबाहेर खसखस पिकली. आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

भाविकाने हात धुतले. "मी निघाले. आणि निवड नाही झाली, तरी दर रविवारी मैदानावरच जाणार. दोघांनाही सांगून ठेवते!"