कार्डाची मागची बाजू

"नव्या हेमांगीनं केलेलं 'पार्ट' शब्दाचं कार्ड बघा. शब्दकोश असा करतात!" संपादक सगळ्यांसमोर म्हणाले आणि मोघ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कोशात बावीस वर्षं काढूनही त्यांच्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते कार्ड काढलं. लॅटिन मूळ, नाटकातला पार्ट, यंत्राचा पार्ट, शिवाय गॅरेजवाल्याचं अस्सल वाक्य. खोट सापडेना, तेव्हा त्यांनी कार्ड टराटरा फाडून खिशात कोंबलं.

संध्याकाळी हेमांगी आली. "सर, ते कार्ड मिळत नाहीये. लिहीन पुन्हा. कार्डाच्या मागच्या बाजूला आपण मदत करणाऱ्याचं नाव लिहितो ना, तिथे तुमचं घातलं होतं. गॅरेजात जाऊन ऐक, हे तुम्हीच सुचवलंत."

ती गेल्यावर मोघ्यांनी तुकडे पालथे जुळवले. स्वतःचं नाव त्यांनी बरोबर मधोमध फाडलं होतं.