शेजारणीच्या गुलाबांची छाटणी

मेहरुनने आपल्या गच्चीची किल्ली विजयमालाच्या हातात ठेवली, तेव्हा विजयमालाचा आधी विश्वासच बसला नाही.

“सोलापूरला भाचीचं लग्न आहे. ऐन छाटणीच्या वेळी जावं लागतंय,” मेहरुन म्हणाली. “यंदा माझे गुलाब तुम्ही छाटा, ताई.”

“मी? तुमचा माळी येतो ना, भाभी?”

“तो शेंडे खुडतो, चहा पितो आणि जातो. तुम्ही जाणकार आहात. वाटेल तसं कापा, मी काही बोलणार नाही.”

स्वारगेटजवळच्या त्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर दोघींची घरं शेजारी शेजारी होती. गच्च्याही लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून ईदचा शीरखुर्मा इकडे यायचा आणि दिवाळीचा फराळ तिकडे जायचा. मात्र गुलाबांचा विषय निघाला की दोघी घाईघाईने हवापाण्यावर बोलू लागायच्या. दर हिवाळ्यात भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात कुंडीत वाढवलेल्या गुलाबाच्या फुलाचं पहिलं बक्षीस मेहरुनला आणि दुसरं विजयमालाला, हे इतकं ठरून गेलं होतं की संयोजक विजयमालाला न विचारताच दुसऱ्या खुर्चीवर बसवायचे.

विजयमालाला तो पहिला करंडक हवा होता. “दुसऱ्या नंबरच्या ढालींना वेगळं कपाट करू या का?” असं तिचे यजमान श्रीनिवासराव विचारायचे, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बागेत ती कुठे कमी होती असं मुळीच नाही. मोठमोठ्या सिमेंटच्या कुंड्यांत तिने झुडपं पारखून लावली होती. कडक उन्हाच्या बाजूला एक्झोरा, भिंतीच्या आडोशाला कुंद, आणि गुलाबांना सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची जागा. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे, वर मुरलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड. फक्त स्वतःच्या झाडाला कात्री लावताना तिचा हात आखडायचा. प्रत्येक फांदीवर तिला उद्याची कळी दिसायची. मग ती शेंडे तेवढे उतरवायची आणि झाडाला हलकेच थोपटायची.

मेहरुनची तऱ्हा निराळी. अर्ध्या कापलेल्या पिंपांत एकेक गुलाब, सोबतीला झुडूप नाही की वेल नाही. झाडं आता जुनी झाली होती, बुंधे राठ झाले होते. गेल्या खेपेला तिचा पहिला नंबर थोडक्यात वाचला होता.

मेहरुन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला कात्री घेऊन तिच्या गच्चीत शिरली. पहिली फांदी तिने रीतीप्रमाणे गुडघ्याच्या उंचीवर कापली आणि थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिला ती दुसरी खुर्ची आठवली.

मग कात्री खाली गेली. आणखी खाली गेली. जाड बुंध्यांना कात्री पुरेना, तेव्हा तिने घरून करवत आणली. आज हात जराही आखडत नव्हता. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. दुपारपर्यंत प्रत्येक पिंपात वीतभर खुंट तेवढे उरले.

श्रीनिवासरावांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. “छाटणी केलीस की जावळ काढलंस?”

“वाटेल तसं कापा, असं तीच म्हणाली होती,” विजयमाला म्हणाली आणि गाणं गुणगुणत हात धुवायला गेली.

मेहरुन परत आली. एकेक खुंट वाकून बघत सगळ्या पिंपांपाशी फिरली. विजयमाला भांडणाच्या तयारीत होती, पण मेहरुन एवढंच म्हणाली, “हात भारी आहे तुमचा.” आणि तिने सोलापूरहून आणलेल्या शेंगाचटणीचा पुडा पुढे केला. विजयमालाला थोडं ओशाळल्यासारखं झालं. चटणी मात्र तिने चवीने खाल्ली.

काही दिवसांनी मधल्या भिंतीवर मेहरुनने हिरवी जाळी बांधली. ऊन फार लागतं म्हणे. लाज झाकायला बांधली, हे विजयमालाने बरोबर ओळखलं.

इकडे तिच्या कुंड्या फुलांनी नुसत्या लगडल्या. सोसायटीतल्या बायका फोटो काढायला गच्चीत येऊ लागल्या. विजयमाला त्यांना चहा पाजायची, खतांची माहिती द्यायची आणि मधूनच जाळीकडे बघून सुस्कारा टाकायची. “त्यांचं यंदा जरा अवघडच आहे,” असं म्हणायची.

प्रदर्शनाच्या दिवशी ती ठेवणीतली नारायणपेठी नेसली. सकाळी सगळ्यांनी आपापली फुलं आत दिली आणि परीक्षणासाठी दारं बंद झाली. संध्याकाळी बक्षीस समारंभात संयोजक तिला नेहमीच्या जागी नेऊ लागले, तर ती सरळ पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. कुणाची हरकत घ्यायची हिंमत झाली नाही. शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर मेहरुन मुकाट्याने टेकली. विजयमालाने पदर सावरला. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“दुसरा क्रमांक,” निवेदक म्हणाला, “विजयमालाताई.”

पहिल्या क्रमांकाचं फूल व्यासपीठावर आणलं, तेव्हा मागच्या रांगांतली माणसं उठून उभी राहिली. हातभर लांब, सरळसोट दांडा आणि त्यावर पुरीएवढा लालभडक गुलाब. असा दांडा फक्त बुडापासून फुटलेल्या नव्या फांदीलाच येतो, असं परीक्षक कौतुकाने सांगत होते. मेहरुन करंडक घेऊन खाली आली आणि विजयमालाशेजारी बसली.

“मी इतकं खाली कापीन, हे तुम्हाला माहीत होतं?” विजयमालाने समोर बघतच विचारलं.

“म्हणून तर किल्ली दिली. म्हाताऱ्या झाडांना बुडापासून कापायलाच हवं होतं, पण माझाही हात आखडतो, ताई. मायेच्या माणसाला ते जमत नाही.” मेहरुनने करंडक अलगद विजयमालाच्या मांडीवर ठेवला. “पुढच्या दसऱ्यानंतर छाटणीला तुमच्या गच्चीची किल्ली मला द्या. मीही तुमच्यावर काही कमी जळत नाही.”