मटाराला जागा

थंडी ओसरता ओसरता मटार मातीमोल झाला आणि जन्मात कधी भाजीची पिशवी न उचललेले दिनानाथ पनवेलच्या बाजारातून गोणीभर शेंगा घेऊन आले. "पावसाळ्यात खायला व्हतील," म्हणत स्वतःच सोलायला बसले. नवऱ्याचं हे रूप बघून ठमाबाई हरखल्या, पण फ्रीजर उघडताच हबकल्या. जावयासाठी राखलेल्या पापलेट-कोलंबीनं तो गच्च भरला होता.

"मटार खराब व्हईल गो," दिनानाथ हळहळले. नाइलाजानं ठमाबाईंनी सगळ्या पापलेटांचं कालवण केलं आणि त्या जागी मटार कोंबला.

शेवटचा काटा चोखून दिनानाथ ताटावरून उठले आणि हात धुता धुता सहज म्हणाले,


"गाजरं पन स्वस्त झालीत म्हनं. कोलंबी काढली तर किती मावतील गो?"