शतावरीचा डबा

"पाळी जाताना अंगातून अशा वाफा निघतातच. शतावरी कल्प सुरू करा, सकाळी कोमट दुधातून," वैद्यबाई म्हणाल्या. शैलाने मान हलवली. सोबत आलेली तिची लेक ऋजुता खिडकीबाहेर बघत राहिली. परतताना औषधांच्या दुकानासमोरून दोघी न थांबता पुढे गेल्या.

शतावरी घरात होती. रव्याच्या बरणीमागे, सील न फोडलेला डबा; त्यावर बाळाला कुशीत घेतलेल्या आईचं चित्र. ऋजुता बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला दूध चांगलं यावं म्हणून शैलानेच तो आणून ठेवला होता. बाळ जगलं नाही. त्यानंतर डब्याचं नाव कुणी काढलं नाही. शैलाला तो फोडवत नव्हता, आणि दुसरा आणून त्याच्याशेजारी ठेववतही नव्हता. ती धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवू लागली.

आज पोळ्या लाटताना पुन्हा अंगाची आग झाली. तिने गॅस बंद केला, पदराने मान पुसली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

ऋजुता आत आली. बरणी बाजूला सारून तिने डबा काढला, चमच्याच्या दांड्याने सील फोडलं आणि दुधात कल्प ढवळून पेला पुढे केला.

"घे आई. पुढच्या महिन्यात एक्सपायरी आहे."

"तुला कसं माहीत?"

"रोज बघते."

शैला दूध प्यायली. गोड होतं. ऋजुताने डबा चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवला, चित्र भिंतीकडे करून.