आबूतली हाक

ऑक्टोबरमध्ये प्रबुद्ध आणि त्याची बायको सपना गाडी काढून जैसलमेरच्या वाळूत हिंडले, मग आबूला गेले. तिथे दरीकडे तोंड करून प्रबुद्ध ओरडला, "सपनाऽऽ!" प्रतिध्वनी आलाच नाही.

"डोंगर बहिरा आहे, यार," म्हणत तो हसला.

बोरिवलीला परतल्यावर आठव्या दिवशी तो झोपेतच गेला.

महिन्याभराने सपना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नॅशनल पार्कच्या डोंगरातून त्याचा आवाज आला, "सपनाऽऽ!" आणि पाठोपाठ तेच हसू.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती हाक आणखी थोडी जवळून येते. काल ती जिन्यातून आली. सासूबाईंनीही ऐकली.

"अगं, कधीचा बोलावतोय माझा पोर," त्या रडत म्हणाल्या. "ओ दे ना त्याला!"

सपनाने ओढणी तोंडावर घट्ट दाबून धरली. ओ दिली, तर तो हाक मारायचा थांबेल, याचीच तिला भीती वाटत होती.