डोक्यावरचा बोर्ड

स्केटबोर्डिंगमध्ये नाव कमावलेल्या सुगतनं लातुरात कंपनी थाटली, तेव्हाच एक नियम केला. ऑफिसात येणाऱ्यानं दारातला उतार स्केटबोर्डवरूनच उतरायचा, आणि पडला तर बोर्ड डोक्यावर घेऊन सगळ्यांसमोरून चक्कर मारायची. पाहुणाही सुटायचा नाही.

सुनेच्या नोकरीसाठी रेणापूरहून आलेले श्रीमंतराव उतारावर आपटले. बोर्ड डोक्यावर घेऊन, हसत हसतच ते सुगतसमोर आले.

"लई मजा हाय तुमच्या हापिसात. दुष्काळात आमच्या बंगल्यातला पोहायचा हौद आटला, तवा एक पोरगं त्यात उतरून हेच खेळत व्हतं. आमच्या हौदात पाय ठिवला म्हणून त्यालाबी म्या असंच गावभर फिरवलं. नाव काय बरं त्याचं…"



सुगत शांतपणे म्हणाला, "आठवंपर्यंत बोर्ड खाली ठिवू नका, मालक."