उतरवलेलं नाव

सामिकने कुत्र्यांच्या बदल्यात जहाजवाल्यांकडून बंदूक घेतली तेव्हा त्याची बायको इनालुक किनाऱ्यावर नव्हती. ती धावत आली तोवर त्यांच्या घसरगाडीच्या सगळ्या कुत्र्यांना होडीत चढवणं चाललं होतं. सगळ्यांच्या पुढे, गळ्यात नवा दोर घालून, पुआलुना.

"हासुद्धा?"

"पुढारी कुत्र्याशिवाय बाकीचे काय कामाचे?" सामिक बंदुकीची नळी पुसत राहिला. "ते म्हणाले, सगळे द्या नाहीतर राहू द्या. हिवाळ्यात वालरस काय तुझ्या बडबडीने मरणार आहे?"

पुआलुना हे त्यांच्या मुलाचं नाव. गेल्या वसंतात तो पातळ बर्फातून खाली गेला. मेलेल्याचं नाव दुसऱ्या कुणाला दिल्याशिवाय तोंडातून काढायचं नसतं, आणि वस्तीत तर तेव्हापासून एकही मूल जन्मलं नव्हतं. म्हणून इनालुकने ते नाव कुत्र्याला दिलं, म्हणजे त्याच्याकडे ठेवलं. निदान हाक मारायची सोय झाली. पुआलुना, इकडे ये. पुआलुना, चोरटा कुठला! शेजारणी हसायच्या. हसू देत.

होडीला टेकून ओलुफ उभा होता. जहाजावरचा खलाशी, लाल दाढीचा. एक हिवाळा त्याने याच वस्तीत काढला होता, त्यामुळे मोडकंतोडकं बोलायचा.

"कुत्रे परत आणाल ना रे?" इनालुकने विचारलं.

"लांब जायचंय, मावशी. पार वर उत्तरेला. ओझं कमी होत गेलं की इतके कुत्रे लागत नाहीत. मग उरलेल्यांना खायला..." तो बुटांकडे बघू लागला.

"नीट बोल. घशात काटा अडकलाय?"

"नाही येणार ते."

"आणि तू?"

"मी येईन. माणसं येतात. बहुतेक."

इनालुक ओढ्याकडे गेली आणि ओंजळीत पाणी घेऊन आली. थोडं तिने कुत्र्याच्या डोक्यावर सोडलं, वाकून त्याच्या कानात नाव परत मागितलं. मग ओलुफपुढे उभी राहिली.

"तोंड उघड."

काहीतरी खायला मिळतंय असं वाटून त्याने आ केला. उरलेलं पाणी तिने त्याच्या तोंडात ओतलं.

"पुआलुना," ती म्हणाली.

सामिकच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अगं, ही दाढी माझा मुलगा?"

"तुझ्या वळणावर गेला नाही, तेवढंच बरं."

एकदा माणसाला दिलेलं नाव परत घेता येत नाही, हे सामिकलाही ठाऊक होतं.  बंदूक दगडाला टेकवून तो तंबूत गेला, आणि सीलच्या वाळलेल्या मांसाचा चांगला मोठा तुकडा आणून त्याने ओलुफच्या हातात दिला.  ओलुफच्या हातमोज्याचा अंगठा उसवला होता, तो हातमोजा काढून घेऊन इनालुक केव्हाच शिवायला बसली होती.

"पुआलुना, एवढा घोडा झालास, हातमोजा सांभाळता येत नाही! आणि बर्फ तपासल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ऐकतोस ना?"

फार दिवसांनी ती अशी मनापासून रागावत होती. तिला बरं वाटत होतं.

"ऐकतोय, आई," ओलुफ म्हणाला. तो हसला नाही.

कुत्र्याकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. आता तो नुसता कुत्रा होता, आणि नुसत्या कुत्र्याचं काय व्हायचं ते होईल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

होडी जहाजाला लागली. कुत्र्यांना वर ओढून घेऊन कठड्याशी बांधलं. त्यांच्यामागे ओलुफ चढला. इनालुकने तोंडाशी हात धरून हाक मारली, "पुआलुना! सांभाळून रे!"

ओलुफने टोपी काढून हलवली. त्याच्या पायाशी पुढारी कुत्रा उठून उभा राहिला, दोर ताणला जाईपर्यंत पुढे आला, आणि किनाऱ्याकडे बघून जोरजोरात शेपटी हलवू लागला.

इनालुकने दुसरी हाक मारली नाही.